पदराला आलेले मोड

चौथीच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या आत्तीच्या पांढऱ्या साडीला मोड आणले.

वाचणाऱ्याला वाटेल, गडी काहीतरी अलंकारिक बोलतोय. तसं नाही. मटकीला येतात, हरभऱ्याला येतात, तेच मोड – पांढरे, ओलसर, शेपटीसारखे वळलेले, करंगळीच्या पेराएवढे. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली साडी तिसऱ्या दिवशी उलगडली, तेव्हा पदरभर ते असे उभे होते, जणू साडीच्याच अंगावर काटा आला असावा...

हा किस्सा मी आजवर कुठं कुठं सांगितलाय याची गणती नाही. लग्नाच्या पंगतीत, कचेरीतल्या डब्याच्या वेळी, गाडी बंद पडल्यावर रस्त्याकडेच्या झाडाखालीसुद्धा. लोक हसतात, मीही हसतो, आणि जिथं हशा पिकतो तिथंच शहाण्यासारखा थांबतो. त्याच्या पुढं जे घडलं ते माझ्या जिभेवर कधी आलं नाही. आज तेवढं पुढं जायचं ठरवलंय.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गावातल्या मोठ्या दवाखान्यात ती नर्स होती आणि आमच्याच घरात, माडीवरच्या पुढच्या खोलीत राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं. का, ते आमच्याकडं कुणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. सकाळी न्हाणीतल्या बंबाचा धूर परसात रेंगाळत असायचा आणि त्या धुरातून ती पांढरीशुभ्र बाहेर पडायची – बोटभर निळ्या काठाची सुती साडी, भाताच्या पेजेची खळ दिलेली, निळीचा हलका हात फिरवलेली, इतकी कडक की जिना उतरताना तिच्या आधी साडीचा आवाज खाली यायचा. संध्याकाळी ती परतायची तेव्हा त्याच साडीला स्पिरिटचा, फिनेलचा आणि कुणाकुणाच्या तापाचा वास असायचा. तो वास मला फार आवडायचा. आजही दवाखान्याच्या पायऱ्या चढताना इतर लोक नाकाला रुमाल लावतात. मला मात्र क्षणभर वाटतं, कुणीतरी आता कनवटीची श्रीखंडाची गोळी काढून देणार...

गल्लीत तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. दूधवाला, किराणावाला, माझ्या आईच्या माहेरची म्हातारी माणसंसुद्धा. तिचं नाव सुलोचना आहे हे मला तिच्या निरोप समारंभाच्या फळ्यावर वाचून कळलं.

तो निरोप समारंभ त्याच मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी होता, आणि सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. त्या दवाखान्यातली रीत अशी, की निवृत्त होणाऱ्या नर्सनं शेवटच्या दिवशी कोरी करकरीत पांढरी साडी नेसून यायचं, शाल-नारळ घ्यायचा, डोळे पुसायचे आणि पांढऱ्यातच घरी जायचं. आत्तीनं महिनाभर आधीच मेट्रनबाईंना आणि सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं, की मी डाळिंबी साडी नेसून येणार. आणि तीही विकतची नव्हे, ड्युटीचीच पांढरी साडी, माझ्या भावाच्या पोरांच्या हातनं रंगवलेली. मेट्रनबाई म्हणे नुसतं ‘बघू की’ म्हणाल्या. आत्तीनं आपल्या सहा पांढऱ्या साड्यांपैकी पाच नव्यानं लागलेल्या मुलींना देऊन टाकल्या आणि एकच मागं ठेवली. आई तिला म्हणाली, वन्सं, एवढा खटाटोप कशाला, दुकानातनं चांगलीशी आणू की. त्यावर आत्ती जे बोलली ते मला त्या वयात उमगलं नाही, पण पाठ राहिलं.

“छत्तीस वर्सं लोकांनी साडी बघून हाक मारली, इंदू. एक दिवस तरी मला बघून मारू देत.”

कापड बांधून रंगवायची ही विद्या तिनं दवाखान्यातच मिळवली होती. कच्छकडची एक बाई मांडीचं हाड मोडून दोन महिने तिच्या वॉर्डात पडून होती. पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून त्या बाईनं बँडेजच्या कापडाखाली औषधाच्या गोळ्या धरून, टाक्यांच्या दोऱ्यानं त्या बांधून आत्तीला बांधणी शिकवली. आणि रंग म्हणून जखमेला लावायचं ते जांभळं औषध. दोरा जिथं आवळला तिथं रंग पोचत नाही, सोडल्यावर तिथं पांढरा ठिपका राहतो – एवढंच ते शास्त्र. पण त्या पहिल्या चिंधीवरचे नऊ पांढरे ठिपके आत्तीनं कितीतरी वर्षं पाकिटात घडी घालून जपले होते.

आमच्याकडं मे महिना म्हणजे चटणीचे दिवस. गच्च्यांवर, अंगणात, जुन्या धोतरांवर लाल मिरच्या पसरलेल्या, चटणी कुटायच्या डंकाकडं जाणाऱ्या बायकांची पोती, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागून एक शिंका. खोबरं भाजल्याचा, धने भाजल्याचा, लसणाचा वास दुपारच्या झोपेतही नाकात शिरायचा. त्या लाल दिवसांमध्ये आमच्या परसातल्या तारेवर ती एक पांढरी साडी वाळत होती. आत्तीनं सोडा घालून ती तीन वेळा उकळली होती, कारण खळ पुरती निघाल्याशिवाय कापड रंग धरत नाही. खळ गेल्यावर साडी इतकी मऊ, इतकी दुबळी झाली की मला ती ओळखूच येईना. आवाजच गेला होता तिचा.

मग आत्तीनं जमिनीवर बसून पेन्सिलीनं ठिपके काढले. अंगभर विरळ, आणि पदरावर दाट, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. बांधायला आम्ही दोघं – मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. ती बारा वर्षांची होती आणि त्या वयातच तिच्या हातात काहीतरी होतं; तिनं निवडलेल्या तांदळात खडा सापडत नसे. आत्तीनं नियम घातला की आधी साडीच्या खोचायच्या टोकावर हात बसवायचा. तो भाग कमरेला आत जातो, कुणाच्या नजरेला पडत नाही, चुकलं तरी बिघडत नाही. आक्का निमूटपणे तिथं जाऊन बसली आणि मधे एक मोठा खडा, भोवती बारीक खड्यांचं कडं अशी फुलं बांधू लागली.

मला ते मंजूर नव्हतं. जे कुणाला दिसणारच नाही ते बांधायचं कशाला, असा माझा रोखठोक सवाल होता. मला पदर पाहिजे होता. पदर स्टेजवर दिसणार, पदराकडं मेट्रनबाई बघणार, पदर बघून लोक विचारणार की हे कुणी केलं... मी जेवण सोडलं. दुपारचं एकच जेवण, पण सोडलं. आत्ती हसली आणि म्हणाली, घे बाबा पदर. मात्र खडे संपलेत, तेवढे नदीवरनं घेऊन ये. हरभऱ्याएवढे, गोल, धुऊन.

मी नदीवर गेलो हे खरं. पंचगंगेचं पाणी उन्हाळ्यात पार खाली गेलेलं, घाटाच्या एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, शेवाळाचा वाळका वास, म्हशी, पोरं, आणि पाण्यात सूर मारणाऱ्यांचा कालवा. मी तीन तास पोहलो. घरी येताना कोपऱ्यावर आठवण झाली की आपण खडे आणायला गेलो होतो. परत जायचं म्हणजे पुन्हा ते ऊन. आणि मग आमच्या दारातच मला तो विचार सुचला, ज्याचा मला पुढं चार-पाच दिवस फार अभिमान वाटला: आत्तीला हरभऱ्याएवढं काहीतरी पाहिजे, तर हरभऱ्याइतकं हरभऱ्याएवढं दुसरं जगात काय असणार? स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यातून मी ओंजळभर हरभरे काढले, मग आणखी एक ओंजळ.

हरभरा कापडाखाली धरायचा, चिमटीनं वर उचलायचा, त्याच्या मानेशी दोऱ्याचे सात वेढे, शेवटचा वेढा स्वतःतूनच ओढून घ्यायचा. दोरा इचलकरंजीच्या मामानं मागावरचा आणून दिला होता, अख्खा कोन – शंकूसारखं मोठं रीळ. माडीच्या जिन्यावर बसून मी चार दिवस पदर बांधला. बोटांना करकोचे पडले, दाताशी सुताची चव यायची. आक्कानं एकदा वाकून बघितलं आणि विचारलं, हरभरं घालायचं आत्तीनं सांगितलंय काय? मी ‘व्हय’ म्हणालो. न अडखळता म्हणालो. तीही मग आपल्या फुलांकडं वळली.

गुरुवारी बांधून झालं. रात्रभर साडी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी ओली असतानाच रंगात घालायची, म्हणजे रंग सगळीकडं सारखा चढतो. तसं झालं असतं तर कदाचित मी वाचलोही असतो. पण शुक्रवारी सकाळी रजेवरच्या आत्तीला दवाखान्यातून बोलावणं आलं. एका नर्सचं लेकरू आजारी, तिच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नाही; देऊन टाकलेल्यांपैकीच एक पांढरी साडी तिथं मागून नेसायची. जाता जाता आत्तीनं साडी हलकेच पिळली, ओल्या पोत्यात गुंडाळली, टोपलीत घालून न्हाणीच्या सावलीत ठेवली आणि आईला सांगितलं, मी रविवारी येते, तोवर सुकू देऊ नको, वरचेवर पाणी शिंपड.

आता माझी आई म्हणजे गल्लीत मोडांसाठी नावाजलेली बाई. मटकीला मोड काढावेत तर तिनंच. आणि मटकीला मोड आणायची रीत काय असते? रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळायचं, ओल्या फडक्यात घट्ट बांधायचं, उबेत ठेवायचं, पाणी शिंपडायचं. आईनं तीन दिवस इमानेइतबारे पाणी शिंपडलं. इतकी चोख व्यवस्था त्या हरभऱ्यांच्या वाट्याला शेतातही आली नसती.

शनिवारी मला वास आला. आंबूस, हिरवट, कोवळा. कुणी नाही असं बघून मी पोत्याचं टोक उचललं. गाठी फुगून टरारल्या होत्या, काहींचे दोरे तुटून लोंबत होते, आणि एका गाठीतून, कापडाच्या विणीतून वाट काढून, एक पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. मला वाटलं अळी. मी पोतं पुन्हा होतं तसं ठेवलं आणि देवघरापुढं जाऊन बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. आईला वाटलं, पोराला सुबुद्धी झाली.

रविवारी आत्ती आली. दोन रात्री जागून तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा लग्नघरासारखा. परसातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं, पाण्यात मूठ मूठ खडेमीठ टाकलं, मामानं आणलेल्या रंगाच्या पुडीतली पूड सोडली – आणि पाण्यात ती डाळिंबी रेघ उमटली, वळली, पसरली... एवढा सुंदर रंग मी पुन्हा पाहिला नाही. आक्का पातेल्यात टक लावून बघत होती. मी भिंतीवरच्या कावळ्याकडं.

आत्तीनं पोतं उलगडलं.

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडत होतं. पदर तिच्या दोन्ही हातांवर पसरला होता आणि त्यावर दोनशेच्या वर हरभरे मान वर करून उभे होते. मोडांनी जागजागी कापड भोकसलेलं, जिथं दोरे तुटले तिथं पिशव्यांसारखे फुगवटे, आणि पांढऱ्यावर पिवळट डागांची नक्षी. मी हा किस्सा सांगतो तेव्हा इथं थांबतो. इथं लोक पोट धरून हसतात.

पुढं असं झालं. आई उठली आणि तिनं आक्काच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन.

“तू थोरली न्हवं? तुझं ध्यान कुठं हुतं?”

आक्कानं गालाला हात लावला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, वाट बघितल्यासारखं. तिथं चार शब्द बोलायला हवे होते: आक्का न्हाई, मी घातलं. चारच. मी ते तोंडात घोळवले सुद्धा. पण कावळा उडाला, माझी मान त्याच्या मागं वळली, आणि मान पुन्हा खाली आली तोवर आक्का जमिनीकडं बघत होती. तिला सांगता आलं असतं. ‘मी ह्याला विचारलं हुतं, हा व्हय म्हणाला’ – एवढं म्हटलं असतं तरी माझी पाठ सोलून निघाली असती. तिनं ते म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आत्तीनं आईला हात आवरायला सांगितलं. मग आत जाऊन तिनं तिची दवाखान्याची पेटी आणली. बारीक कात्री, चिमटा, पांढरी बशी. आणि चिमटा माझ्या हातात दिला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“काढ. एकबी तुटला न्हाई पायजे.”

एखाद्याचे टाके काढावेत तसे आम्ही मोड काढले. ती कात्रीनं दोरा कापायची, मी चिमट्यानं ओढायचा. भोकात अडकलेला मोड हळूच फिरवत सोडवायचा, नाहीतर वीण आणखी फाटते. ती माझ्यावर चिडली नाही. तिचा हात फक्त नेहमीपेक्षा सावकाश चालत होता, आणि मधूनच थांबून ती एखाद्या भोकावरून अंगठा फिरवायची. आईनं ती बशी उचलून आत नेली. तिच्या रागाची खोली वेगळी आणि काटकसरीची वेगळी. त्या दिवशी जेवायला हरभऱ्याची उसळ होती. सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ली. आक्कानं नुसता ताकभात खाल्ला.

दुपारी साडी रंगली. बाकीच्या अंगावरच्या आक्काच्या गाठी सोडवल्यावर एकेक ठिपका चांदणीसारखा; पदर मात्र ठिपक्यांवाचून, डागाळलेला, पुळ्या उठल्यासारखा, उजेडासमोर धरला की भोकाभोकांतून ऊन दिसायचं. पुन्हा बांधायला कापडात जीव नव्हता आणि हातात वेळ नव्हता. समारंभ सोमवारी दहाला. आत्तीनं तारेवरच्या साडीला हात लावून बघितला आणि आईला हळू आवाजात म्हणाली की माझी ती हिरवी इस्त्री करून ठेव. बस्स. तिच्या आवाजातली खळ गेल्यासारखी झाली होती. मी लहान होतो, मूर्ख होतो, पण मोठं माणूस हिरमुसलेलं मला कळत होतं.

तेव्हा आक्का बोलली. मार खाल्ल्यापासून पहिल्यांदाच.

“आत्ती, उलटी नेस की. पदर खोच, आन् खोचायचं टोक खांद्यावर घे.”

आत्तीनं साडीची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून बघितली. दोन्ही टोकं सारखीच, काठ दोन्हीकडं सारखाच. ड्युटीच्या साडीला वेगळा पदर कुठं असतो? आणि त्या खोचायच्या टोकावर आक्काची ती हात बसवायची फुलं होती. पहिलं फूल वाकडं, दुसरं अंड्यासारखं, तिसऱ्याच्या दोन पाकळ्या एकमेकीत गेलेल्या, आणि मग पाचव्या-सहाव्यापासून जी गोल, रेखीव होत गेली ती टोकापर्यंत. शिकणाऱ्या हाताचा अख्खा आठवडा तिथं ओळीनं मांडला होता. कुणी बघणार नाही म्हणून बांधलेला.

सोमवारी आत्ती डाळिंबी साडी नेसून दवाखान्यात गेली. आम्ही सगळे मागं. साडी पुरती सुकली नव्हती. कमरेशी ओल लागत असणार आणि ती फाटकी, पुळ्यांची, भोकाभोकांची बाजू तिला दिवसभर टोचत असणार. तिचे आणि आक्काचे तळवे डाळिंबी झाले होते. माझे हात स्वच्छ होते. मला रंगाला शिवूच दिलं नव्हतं.

समारंभाआधी तिला एकदा वॉर्डातून चालून यायचं होतं. मी तिचं बोट धरून होतो. दोन्ही बाजूंना खाटा, उंच छताचे पंखे, तोच फिनेलचा वास. दाराजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान उचलून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बाई, कुणाला बघायला आलाय? भेटायची येळ न्हाई ही.”

हेच वाक्य सांगून सांगून तिनं छत्तीस वर्षं लोकांना बाहेर काढलं होतं. ती थांबली. तिच्या बोटाची पकड माझ्या हातावर घट्ट झाली, मग सैल. “जाते, आजोबा,” ती म्हणाली आणि खरंच वळली. ती हसत होती की काय, ते मला खालून दिसत नव्हतं.

शाल झाली, नारळ झाला, पेढे वाटले. मेट्रनबाई म्हणजे सहा फूट बाई, चष्मा साखळीला; त्यांनी आत्तीचा पदर हातात घेऊन उलटासुलटा बघितला. पहिल्या वाकड्या फुलावर त्यांचं बोट आलं, तिथून एकेक करत शेवटच्या फुलापर्यंत गेलं, आणि त्यांनी विचारलं की हे कुणी केलं. आत्तीनं आक्काला पुढं ओढलं. सगळ्यांसमोर, खांद्यावर दोन्ही डाळिंबी हात ठेवून. मेट्रनबाईंनी मग माझ्याकडं बघत विचारलं, आणि ह्यानं काय केलं?

“ह्याचं काम कमरेला खोचलंय,” आत्ती म्हणाली.

काही न कळूनही सगळे हसले. मीही हसलो. मोठ्यानं हसलो, आणि तेव्हापासून हसतोच आहे.

ती साडी आत्ती पुढं कित्येक वर्षं नेसली, कायम उलटीच. गल्लीतले लोक तिला सिस्टरच म्हणत राहिले. एका साडीनं लोकांची जीभ बदलत नाही. मग जुन्या सुती साडीचं जे होतं तेच तिचं झालं: आक्काच्या लेकराला झबली, दुपटी, मग पुसायचं फडकं, मग काही नाही. आत्ती जाऊनही आता बारा वर्षं झाली. तिच्या पेटीतला चिमटा, कात्री कुणी नेली ठाऊक नाही. पाकिटातली ती नऊ ठिपक्यांची चिंधी आम्ही शोधली, सापडली नाही.

गेल्या मे महिन्यात आक्का गडहिंग्लजहून चार दिवस राहायला आली होती. माझ्या पोरांनी कुठंतरी बघितलं होतं, त्यांना आपले टी-शर्ट रंगवायचे होते. गच्चीवर बादल्या मांडल्या, रंगाच्या बाटल्या, रबरबँडची पाकिटं. आक्कानं रबरबँड बाजूला सारले आणि दोऱ्याचं रीळ मागवलं. चौघं घेर करून बसलो. दूर कुठंतरी कुणाच्या तरी गच्चीवर मिरच्या वाळत होत्या, वाऱ्याबरोबर नाकाला झोंबायचं. आक्काची बोटं आता जाडी झालीत, सांध्यांशी गाठी आल्यात, पण दोरा तसाच फिरतो.

लेकीनं म्हटलं, बाबा, ती मोडांची गोष्ट सांगा. मी सांगितली. सराईतपणे, सगळ्या जागा घेत. नदी, डबा, आईचं पाणी शिंपडणं, पोतं उलगडणं. पोरं गच्चीवर लोळून हसली. आणि मी नेहमीच्या जागी थांबलो. आक्का खाली बघून बांधत होती. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. इतक्या वर्षांत तिनं ही गोष्ट माझ्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकली असेल आणि दर वेळी याच जागी ती अशीच आपल्या हातांकडं बघत राहिली असेल. मी कधी तिच्याकडं बघितलंच नव्हतं.

मी पुढं सांगितलं. मारलेल्या दोन थपडा, उडालेला कावळा, ते चार शब्द. पोरांचं हसू हळूहळू थांबलं. लेक कधी माझ्याकडं, कधी आक्काकडं बघू लागली. हातातल्या टी-शर्टची गाठ मी उगाचच पुन्हा पुन्हा वेढत होतो. शेवटी म्हणालो, “आक्का, तुला विनाकारण मार बसला. मी बोलायला पायजे हुतं.”

आक्कानं हातातला दोरा दातानं तोडला. मग माझ्या मांडीवरचा टी-शर्ट ओढून घेतला, मी बांधलेली गाठ दोन बोटांत धरून हलवून बघितली. ती सुटली.

“एवढं बोलायला पस्तीस वर्सं लावलीस,” ती म्हणाली, “आन् गाठ बघ, तीबी सैल.”